आधी टाकी मोकळी करा, मग पाइपला हात लावा

बाजारहत्नूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. इथल्या डोंगरांतून निघणारी कडेम नदीही गोदावरीला मिळून, आंध्र ओलांडून पार बंगालच्या उपसागरापाशी जाते तेव्हा कुठे तिचं पाणी खारट होतं. अशा गावात राहून समुद्री माशांच्या टाकीच्या नळकामावर लिहिणं काहींना चमत्कारिक वाटेल. पण या कामातलं जे मला कळलं, ते बरंचसं या अंतरानेच शिकवलं. मुंबई-हैदराबादेत ऐनवेळी एखादा एल्बो कमी पडला तर माणूस गाडीला किक मारून दुकानात जातो. इथून इच्चोडा, नाहीतर आदिलाबाद. तिथेही मिळणार शेतीचे पाइप आणि घरगुती नळाचं सामान. म्हणजे पाइप कापल्यावर सुचलेल्या गोष्टीला किंमत शून्य. वर्षानुवर्षं हे काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. मुरलेल्या टाकीत पाइप बदलताना जीव जातात ते गळतीने नाही, घाईने जातात. आणि ही घाई माणसाच्या उतावळ्या स्वभावातून कमी, कामाच्या चुकीच्या मांडणीतून जास्त येते. पाइप काढल्याक्षणी माशांचा वेळ मोजायला लागतो, जोड चिकटवल्याक्षणी सोल्युशनचा. हे दोन्ही वेळ एकाच दुपारी एकमेकांवर आले की कुणीतरी हरणारच. म्हणून आधी टाकीला पाइपांवाचून राहता येईल अशी व्यवस्था करायची, आणि मगच पाइपला हात लावायचा. पुढचं सगळं लिखाण एवढ्या एकाच मुद्द्याचं आहे.

पाइप हा टाकीचा जीव नव्हे, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. ओव्हरफ्लोमधून पाणी खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरतं, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरमधून फिरतं, रिटर्न पंपाने परत वर येतं. रात्रंदिवस तो खळखळाट ऐकून वाटतं की तो थांबला की सगळं संपलं. प्रत्यक्षात टाकीचा जीव दगडात असतो. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू राहतात, आणि जुन्या टाकीत त्यांचा फार मोठा भाग तिथेच असतो. पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरातही थोडे असतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. याचा जुना पुरावा आहे. जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लेख लिहून जगापुढे मांडली. समुद्रातला जिवंत दगड, नैसर्गिक समुद्राचं पाणी, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते प्रवाळ आणि मासे सांभाळत. ना सम्प, ना स्किमर, ना आज आपण ज्याच्यासाठी झुरतो ते पाइपांचं जाळं. मग कुणी विचारेल, पाइप लागतातच कशाला? लागतात. पाण्यावरची तेलकट साय उतरवायला, स्किमर आणि हीटर नजरेआड ठेवायला, बाष्पीभवनाने कमी झालेलं गोडं पाणी एका जागी भरून काढायला. ही सगळी कामं वर्षभराच्या हिशेबात महत्त्वाची, पण दीड-दोन दिवस थांबली तर बिघडत नाही. न थांबणाऱ्या गोष्टी तीनच : पाण्याची हालचाल, त्यातला प्राणवायू आणि तापमान.

प्राणवायूचा हिशेब तर डोळ्यांसमोर हवाच. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. समुद्राएवढ्या, म्हणजे हजारी ३५ क्षाराच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. तापमान तिशीला गेलं की तो सव्वासहाच्या आसपास येतो. म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशांवर हात बसलेल्या माणसाला जी ढिलाई सवयीची असते, ती इथे नसते. त्यात आदिलाबाद जिल्ह्याचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा बंद खोलीतलं पाणी फार लवकर तापतं, आणि नेमकी त्याच दिवसांत वीज जाते. हिवाळ्यात उलट, रात्रीचा पारा एक आकडी होतो. मला तरी पावसाळा सरल्यानंतरचे, कडाका पडण्याआधीचे आठवडे या कामाला सगळ्यात बरे वाटतात. वेळ सकाळचा. रात्रभर दिवे बंद असतात, शेवाळ आणि प्रवाळातलं शेवाळही प्राणवायू वापरतच असतं, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. दिवे लागून तास-दोन तास झाल्यावर हात घालावा. शिवाय सकाळी दुकानं उघडी असतात आणि संध्याकाळपर्यंत उजेड असतो. रात्री जेवणं उरकल्यावर ‘आता निवांत आहे, उरकून टाकू’ म्हणून सुरू केलेली कामं मी चांगली संपताना क्वचितच पाहिली आहेत.

टाकी मोकळी करायची म्हणजे काय, ते जरा खुलासेवार सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. सम्पमधला हीटर वर टाकीत आणायचा. लाटा करणारे पंप आधीच असतील तर त्यांपैकी एकाचं तोंड थोडं वर करून पृष्ठभाग ढवळत ठेवायचा. नसतील तर आणायचे, ते पुढेही उपयोगी पडतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जोडून ठेवायचा, कारण वीज आपलं काम बघून जात नाही. सम्पमध्ये चिनी मातीचे सच्छिद्र तुकडे किंवा दगडाचे गोटे असतील तर ते जाळीच्या पिशवीत भरून वरच्या टाकीत टांगायचे. साचलेल्या पाण्यात ते काही तास पडले तर त्यातले जिवाणू गुदमरतात आणि मग तेच घाण सोडतात. एवढं करून रिटर्न पंप बंद करायचा आणि पाइपला हात न लावता टाकी एक पूर्ण दिवस-रात्र तशीच चालू द्यायची. पंप बंद होताच सम्पची पातळी किती वर येते, तेही तेव्हाच दिसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन बघायचं. मासे पृष्ठभागाशी तोंड वासून असतील तर हवा कमी पडते आहे. ते आपापल्या जागी असतील आणि अमोनियाची चाचणी शून्य दाखवत असेल तर टाकीने परवानगी दिली असं समजायचं. ही तालीम बहुतेकांना वेळेचा अपव्यय वाटते. पण तालमीत उणीव दिसली तर पंपाचं बटण दाबलं की सगळं पूर्ववत. तीच उणीव पाइप कापल्यावर दिसली तर पूर्ववत करायला काही उरलेलं नसतं.

आता दुसरा वेळ, सोल्युशनचा. नळकाम करणारे कारागीर जोड चिकटवतात, दोन मिनिटं धरतात आणि म्हणतात, ‘धरलं, सोडा पाणी.’ घरच्या नळाला ते बहुधा खपूनही जातं. पण जोड धरणं आणि जोड पूर्ण सुकणं यांत तासांचा, जाड पाइपाला आणि दमट हवेत दिवसाचाही फरक असतो. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते प्लॅस्टिकचा थर विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, आणि त्यातला द्रावक उडून जायला वेळ लागतो. या द्रावकाची भीती घालणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं असं की खाऱ्या टाकीत चिकटवलेला जोड नकोच, सगळं आट्यांचं करा. मला ते पटत नाही. पूर्ण सुकलेला आणि गोड्या पाण्याने धुतलेला जोड टाकीला काही करत नाही. जगभरच्या टाक्या त्यावरच चालतात. अपाय करतो तो ओला जोड आणि पाइपाच्या आत ओघळलेला थेंब. आटे मात्र टेफ्लॉन टेप गुंडाळूनही पाझरत राहतात, आणि खाऱ्या पाण्याचं पाझरणं म्हणजे काही दिवसांत मिठाचा पांढरा पापुद्रा, त्याखाली गंजलेला स्टँड. दुसरं एक कारण अधिक महत्त्वाचं आहे. सोल्युशनला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग लागतो. टाकीखाली वाकून, टिपकणाऱ्या जुन्या पाइपावर नवा तुकडा चिकटवणं हे जवळपास अशक्य काम आहे, आणि तरी बहुतेक जण नेमकं तेच करायला जातात. म्हणून नवी ओळ पूर्णपणे बाहेर, पडवीत, कोरड्या फरशीवर जुळवायची. दोन्ही टोकांना युनियन, म्हणजे नट फिरवून सुटे होणारे जोड, ठेवायचे. दोन दिवस सुकू द्यायची. मग बादली आणि जुन्या पंपावर साधं पाणी फिरवून दिवसभर तपासायची. गळायचं ते तिथे, गोड्या पाण्यात गळू दे. प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी टाकीपाशी सोल्युशनचा डबा उघडायची वेळच येता कामा नये.

सामान घेताना आपल्याकडे एक खास सापळा आहे. शेतीचे पाइप आयएस ४९८५ या मानकाचे, बाहेरच्या व्यासाने मोजलेले : ३२, ४०, ५०, ६३ मिलिमीटर. घरगुती नळाचे यूपीव्हीसी पाइप इंचांत. गरम पाण्याचे सीपीव्हीसी पाइपही इंचांतच सांगतात, पण त्यांचा बाहेरचा व्यास वेगळा. आणि बाहेरून आलेल्या टाकीचा टँक कनेक्टर यांपैकी कशाला बसेल याची खात्री नाही. दुकानदार म्हणतो, ‘बसतंय, थोडं घासून घ्या.’ घासून बसवलेला जोड कसा वागतो हे सांगायला नको. टाकीवरचा जुना तुकडा, निदान त्याचं कॅलिपरने घेतलेलं माप, हातात घेऊनच दुकानात जावं. पितळ तर कुठेच नको. नळाला जोडायचे सीपीव्हीसी एल्बो अनेकदा आतून पितळी आट्यांचे असतात, बाहेरून अंदाजही येत नाही. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात हळूहळू सुटतं आणि ज्या प्रमाणात ते माशांच्या परजीवींवर औषध म्हणून वापरतात, त्याहून फार कमी प्रमाणातही झिंगे, गोगलगाई आणि प्रवाळ टिकत नाहीत. अडगळीतला जुना पीव्हीसी पाइपही मी वापरत नाही. आपल्याकडे पाइपांत शिशाचे क्षार स्थिरक म्हणून घालत असत. त्यावर केंद्राचे नियम आले ते २०२१ साली.

नवे पाइप आले की नवा, मोठा पंप घेण्याचा मोह होतो. इथे मी आमच्याच नदीकडे बोट दाखवतो. जुलै २०२२ मध्ये कडेम धरणात पाच लाख क्युसेकच्या आसपास पाणी येत होतं, सोडण्याची क्षमता तीन लाखांच्या घरात. १८ दारांपैकी एक उघडलंच नाही, आणि पाणी दारांवरून वाहिलं. धरण टिकलं, पण ज्यांनी ते दिवस काढले त्यांना येणारं आणि जाणारं पाणी यांचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. टाकीत पंप म्हणजे येणारं पाणी आणि ओव्हरफ्लोचे पाइप म्हणजे दारं. एक दार अडकलेलं आहे असं धरूनच क्षमता काढायची. म्हणून तीन उतरत्या पाइपांची रचना चांगली : एक पूर्ण भरून वाहणारा, त्यावर बारीक समायोजनासाठी चक्राचा गेट व्हॉल्व्ह, दुसरा थोडं पाणी घेणारा, तिसरा कायम कोरडा, फक्त आणीबाणीसाठी. एखादी गोगलगाय पहिल्याच्या तोंडाशी जाऊन बसली तर उरलेले दोन सगळं पाणी घेऊ शकतात का, हे मुद्दाम तोंड बंद करून बघावं. सम्पमधून तासाला टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी फिरलं की पुरतं. बाकीची हालचाल टाकीतल्या पंपांनी करायची. उलट बाजूचं संकटही असतं. वीज गेली की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं. त्यासाठी एकमार्गी व्हॉल्व्ह लावून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. त्या व्हॉल्व्हच्या झडपेवर चुनखडीच्या नळ्या करणारे किडे घर करतात आणि मग ती कधीच पूर्ण बंद होत नाही. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावं आणि परत येणारं सगळं पाणी मावेल एवढी जागा सम्पमध्ये रिकामी सोडावी, हा उपाय साधा आहे आणि झिजत नाही.

इतकं झाल्यावर जुनं काढायचं काम अगदी थोडं उरतं. टँक कनेक्टरची भोकं बहुधा ओव्हरफ्लोच्या कप्प्यात असतात, त्यामुळे रिकामा करायचा तो फक्त तो कप्पा. मुख्य टाकीचं पाणी कप्प्याच्या दातांच्या खाली राहील एवढंच उतरवावं लागतं. जुना पाइप कापला की त्याच्या आतली दुनिया दिसते : राखाडी स्पंज, पांढऱ्या वळलेल्या नळ्या, मधोमध बोटभर उरलेली वाट. ज्या फांदीवरचा व्हॉल्व्ह कित्येक महिने बंद होता तिच्यातून काळं पाणी येतं आणि सडक्या अंड्याचा वास. तो हायड्रोजन सल्फाइड. त्या पाण्याचा कपभरही टाकीत किंवा सम्पमध्ये जाऊ देऊ नये. म्हणून अशा बंद फांद्या आधी ओळखून ठेवाव्या, त्यांच्याखाली बादली धरूनच पान्याला हात घालावा, आणि नव्या रचनेत त्या ठेवूच नयेत. टँक कनेक्टर बदलताना रबर वायसर पाण्याच्या बाजूला, कडेच्या खाली; नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा. पान्याचा जोर काचेला सोसत नाही. पाइपाचं वजनही काचेवर येऊ द्यायचं नाही, ते स्टँडला पट्टी मारून तोलायचं.

सगळ्यात ठामपणे मांडला जाणारा आक्षेप वेगळाच आहे. टाकी पूर्ण रिकामी करा, दगड-वाळू धुऊन काढा, सगळं एकदाच नवं करा, म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय काही काळ बंद ठेवून नूतनीकरण झालं आणि २०१५ मध्ये नव्या रूपात उघडलं, मग घरच्या टाकीला काय हरकत, असा दाखलाही दिला जातो. मत्स्यालयाला लोकांसाठी दार बंद करून काम करता येतं, जीव दुसरीकडे हलवता येतात, पगारी माणसं असतात. घरी ती दुसरी टाकी कुठे असते? ड्रममध्ये ठेवलेल्या माशांना दगडाचा आधार नसतो आणि अमोनिया वाढायला लागतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्याने त्याच अमोनियाचा विषारी, मुक्त भाग पीएच सातच्या गोड्या पाण्यापेक्षा दहा पटींच्या आसपास जास्त असतो. जुन्या वाळूचा थर ढवळला की खालचं सल्फाइड आणि साठलेली घाण वर येते. धुतलेल्या दगडावरचे जिवाणू परत वाढायला आठवडे घेतात. एवढी किंमत मोजून मिळतं काय, तर मागून न दिसणारे पाइप चकचकीत. मी तर त्याच आठवड्यात मोठा पाणीबदलही करत नाही. काही बिघडलं तर नेमकं कशाने, हे कळायला एकाच वेळी एकच गोष्ट बदललेली बरी.

याच्या उलट टोकाचे म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावता? या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते अनेकदा मानलंही आहे. पाझर नाही, आवाज बदललेला नाही, ओव्हरफ्लोची पातळी चढत नाही, तर सौंदर्यासाठी पाइप बदलू नयेत. पण पातळी महिन्यागणिक बोटभर वर सरकत असेल, व्हॉल्व्ह फिरेनासा झाला असेल किंवा युनियनभोवती मीठ पुसलं तरी परत येत असेल, तर न बदलण्याचा पर्याय तुमच्या हातात नाहीच; फक्त दिवस तुम्ही निवडायचा की टाकीने, एवढं उरतं. ‘मेलं तर नवं आणू’ हेही आपल्याकडे चालत नाही. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला डुबकी मारताना दिसणारा एखादा तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर वन्यजीव व्यापाराच्या साइटिस कराराच्या यादीतल्या परदेशी जिवंत प्राण्यांची नोंदणीही करावी लागते. कागदपत्रांसकट सांभाळलेला जीव गेला तर त्याची जागा बाजारात जाऊन भरता येत नाही.

नवी ओळ बसल्यावर पंप आधी कमी जोरावर चालवून, सुक्या टिश्यूने प्रत्येक जोड पुसून बघावा; बोटाला न कळणारा ओलावा टिश्यूला कळतो. हीटर जागेवर, पिशव्या परत सम्पमध्ये, थोडा सक्रिय कोळसा पाण्याच्या वाटेत. पहिला आठवडा रोज अमोनिया आणि क्षारता मोजावी, खाणं निम्म्यावर आणावं. टाकीतला जास्तीचा हवेचा पंप मात्र लगेच काढू नये. युनियनचे नट दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने थोडे सैल होतात, ते दुसऱ्या आठवड्यात हाताने परत आवळावे. उरलेले एल्बो, एक जादा युनियन, दोन रबर वायसर आणि पाइपाचा हातभर तुकडा एका डब्यात घालून वर मार्करने माप लिहून ठेवावं, इंचाचं की मिलिमीटरचं तेही. कारण पुढच्या वेळी दुकानदार तोच असला तरी माल दुसऱ्याच कंपनीचा असेल.